लाइन आली का?

जालन्यात कुणी "लाइन आली का?" असं विचारलं, तर विचारणारा कुठला, महिना कोणता आणि वेळ कोणती हे आधी पाहावं लागतं. घनसावंगीचा शेतकरी असेल आणि गहू-हरभऱ्याचे दिवस असतील, तर तो विजेबद्दल विचारतोय. शहरातली एखादी ताई मोकळी भांडी घेऊन दाराशी उभी असेल, तर तिला नळाच्या लाइनीचं पाणी हवंय. आणि राजूर-भोकरदनकडचे एखादे आजोबा असतील, तर त्यांना रेल्वेबद्दल विचारायचं असतं. ते ती लाइन लहानपणापासून ऐकत आलेत.

इंग्रजी शब्दकोशात या शब्दाला पानंच्या पानं लागतात. मला त्या पानांपेक्षा आपल्या जिल्ह्यात तो कसा वागतो याचं जास्त कुतूहल आहे. आपण त्याला स्त्रीलिंगी केलं, लाइनी-लाइनीत-लाइनीवर असं चालवलं आणि वर त्याला येण्या-जाण्याची मुभा दिली. इंग्रजीत विजेला कुणी 'लाइन' म्हणून हाक मारत नाही. आपल्याकडे ती येते, जाते, झटके देते, कमी-जास्त होते. "आलती, पण लगेच गेली" हे वाक्य रात्री शेतातून परतलेल्या माणसाच्या तोंडी ऐका. घरी येऊन लगेच परत गेलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं तो बोलतो. 'वीजपुरवठा खंडित झाला' या कागदी वाक्यात त्याचं जागरण कुठेच दिसत नाही.

या जागरणाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. त्यातून 'दिवसाची लाइन' आणि 'रात्रीची लाइन' हे दोन शब्दप्रयोग आले. शहरातल्या वाचकाला ते कदाचित माहीतही नसतील. गावात मात्र आठवड्याचं सगळं गणित त्यांच्यावर चालतं. रात्रीची लाइन म्हणजे डिसेंबरच्या थंडीत बॅटरी घेऊन बांधावर जायचं, गार पाण्यात उभं राहून दारं मोडायची, पायाखाली साप-विंचू आहे का ते पाहायचं. बिबट्याची बातमी असली की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून लोक ऑटो स्विच लावतात, पण पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला माणूस लागतोच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली ती शेतीला दिवसा वीज देण्यासाठी. माझ्या लेखी या जिल्ह्यात विजेचा पहिला प्रश्न हाच आहे. वीज किती मिळते ते नंतर पाहू, आधी ती कधी मिळते ते पाहा. पिकाला पाणी देणं हे दिवसाचं काम आहे.

या लाइनीचा माणूस म्हणजे लाइनमन. महावितरणच्या कागदावर त्याची पदनामं तंत्रज्ञ वगैरे बदलली. गावाने ती घेतली नाहीत. त्याचा फोन नंबर प्रत्येक घरात असतो आणि वादळी पावसात खांबावर चढलेल्या त्या माणसाकडे सगळं गाव मान वर करून पाहत असतं. त्या पेशाबद्दल मला मनापासून आदर आहे.

'लाइन' हा शब्द मुळात लॅटिनमधल्या जवसाच्या नावावरून आला आहे. जवसाच्या धाग्याने रेघ आखायची, म्हणून धागा आणि रेघ दोन्हींना तेच नाव पडलं. मराठवाड्यात ज्या जवसाची चटणी भाकरीवर घेतात, तेच हे जवस.

आपल्या मातीवर इंग्रजी लाइन पहिल्यांदा उमटली ती मात्र रक्ताने. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई गावाजवळ, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आपलं पायदळ दोन रांगांत उभं केलं आणि मागे घोडदळाची तिसरी रांग ठेवली. सैन्याच्या भाषेत अशी रांग म्हणजे लाइन. त्या दिवशी जिंकूनही त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढे जालन्यात इंग्रजांची छावणी आली. सदर बाजार हे नाव त्या छावणीच्या काळाची आठवण आहे. फौजेच्या वस्तीला लाइन म्हणायची रीत इंग्रजी छावण्यांतलीच, म्हणून गावोगाव पोलिसांच्या घरांच्या रांगेला आपण आजही पोलीस लाइन म्हणतो.

त्यानंतर रेल्वे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात मनमाडपासून हैदराबादकडे मीटरगेज मार्ग टाकला गेला आणि जालना त्यावर आलं. तीच छोटी लाइन. मनमाडला मोठ्या लाइनीवर चढवायचा माल उतरवून पुन्हा भरावा लागे, आणि हा खर्च मराठवाड्याच्या कापसाने आणि धान्याने पिढ्यान् पिढ्या सोसला. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाचा आग्रह सोडला नाही. अखेर नव्वदच्या दशकात मोठी लाइन आली. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत निघाली. एव्हाना या रुळांवर विजेची तारही आली होती, म्हणजे एका लाइनीवर दुसरी लाइन.

रेल्वेने आपल्याला आणखी एक प्रयोग दिला. एकेरी मार्गावर पुढचं स्टेशन 'लाइन क्लिअर' देत नाही तोवर गाडी सोडता येत नाही. कारण समोरून येणाऱ्या गाडीलाही तेच रूळ. स्टेशन मास्तरांचा हा शब्द सोयरिकीच्या बैठकीत कधी शिरला कुणास ठाऊक. "मुलीकडून लाइन क्लिअर आहे" असं सांगणाऱ्या मध्यस्थाला त्याचं मूळ ठाऊक नसतं, तरी अर्थ तो तंतोतंत रेल्वेचाच वापरतो. तरुण पोरं लाइन मारतात, त्याबद्दल मला विशेष सांगण्यासारखं काही नाही.

काही लाइनी अजून कागदावरच आहेत. जालना-जळगाव मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. हा मार्ग १७४ किलोमीटरचा आहे आणि त्याला ७,१०६ कोटी रुपयांचा खर्च धरला आहे. जालना-खामगाव लाइनीची चर्चा तर इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. "लाइन आली का?" विचारणारे आजोबा याच चर्चेत म्हातारे झाले.

पाण्याच्या लाइनीचा अर्थ जालन्याला २०१२-१३ च्या दुष्काळाने शिकवला. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं आणि शहर टँकरवर जगलं. टँकर यायच्या आधी घागरी आणि ड्रम ओळीने मांडून ठेवायचे, त्यालाही लाइन लावणंच म्हणत. माणूस घरी, घागर लाइनीत, आणि घागरीची जागा कुणी मोडायची नाही हा अलिखित कायदा. एरवी शहराला पाणी होतं ते निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचं, उतारानेच वाहत येणारं. नंतर जायकवाडीहून पाइपलाइनीने पाणी आलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मराठवाड्यातल्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोचवावं लागलं, तेव्हा रुळांची लाइन हीच पाण्याची लाइन झाली होती.

बाजारात मात्र लाइन म्हणजे धंदा. "पोरगं कोणत्या लाइनला आहे?" या प्रश्नाला जालन्यात दोन मोठी उत्तरं आहेत, स्टील किंवा सीड. भंगार वितळवून सळई करणारे एमआयडीसीतले कारखाने ही पहिली. दुसरी लाइन बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको काढली तिथपासूनची. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या सीडच्या लाइनीत आणखी एक लाइन आहे, ती शेतात सापडते. जाफराबाद-भोकरदनच्या प्लॉटांत नराची लाइन वेगळी आणि मादीची लाइन वेगळी लावतात. मादीच्या कळीतले पुंकेसर बाया बोटांनी अलगद काढतात आणि नराच्या फुलातले पराग तिथे लावतात. इतकं बारीक काम करणाऱ्या या हातांचं नाव बियाण्याच्या पुड्यावर कुठेच नसतं. ते असायला हवं, असं मला वाटतं.

सगळ्यात नवी लाइन म्हणजे ऑनलाइन. गावात ते आता नाम झालंय. "विम्याचं ऑनलाइन केलं का?" म्हणजे अर्ज भरला का. सेतू केंद्रासमोर त्या ऑनलाइनसाठी माणसं लाइनीत उभी असतात, आतल्या संगणकाला लाइन नसते, आणि ती असली तर सर्व्हर चालत नाही. पेरणीच्या दिवसांत अशी एक सकाळ गेली, तर मजुरीचा खाडा पडतो आणि वाफसाही निघून जातो. अर्ज घ्यायला कुणीतरी गावात बसावं, ही मागणी फार मोठी नाही.

अलीकडे जिल्ह्यात सौर पंप बरेच बसले. ज्याच्या विहिरीवर तो बसला, तो म्हणतो, "आता आपला लाइनीशी संबंध नाही." म्हणजे या शब्दाचा हा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत मागे पडू शकतो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात निघाला तेव्हा आमच्या खेड्यांत वीजच नव्हती, त्यामुळे 'रात्रीची लाइन' त्यात असायचं कारण नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हे काम हाती घ्यावं. लाइनमन, मध्यस्थ, बीजोत्पादनातल्या बाया, दारं मोडणारे शेतकरी यांच्याकडे बसून हे प्रयोग त्यांच्याच वाक्यांसकट उतरवून घ्यावेत. सुरुवात रात्री शेतात जाणाऱ्यांपासून करावी.