सोनेरी गुडघा आणि बांबोळीतली फाईल

गुडघेबदलाची शस्त्रक्रिया आता केवळ सधनांचा उपचार राहिलेली नाही. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील कोणत्याही वाड्यावर चौकशी केली, तर गुडघा बदललेली, खुब्यात कृत्रिम सांधा बसवलेली किंवा दुचाकीच्या अपघातानंतर मांडीत धातूची सळी घातलेली व्यक्ती सहज भेटते. शस्त्रक्रिया कोणत्या डॉक्टरने केली, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. शरीरात नेमके काय बसवले, हे मात्र क्वचितच कुणाला सांगता येते.

हे अज्ञान आता महाग पडू लागले आहे, कारण बाजारात ‘सोनेरी गुडघा’ आला आहे. हा गुडघा कित्येक दशके टिकेल, अशी जाहिरात केली जाते. या सोनेरी रंगात सोन्याचा कणही नसतो. तो रंग टायटॅनियम नायट्राईडसारख्या कठीण संयुगाच्या लेपाचा असतो आणि त्या लेपाची जाडी काही मायक्रॉन इतकीच असते. निकेल वा कोबाल्टची ॲलर्जी असलेल्या रुग्णांसाठी अशा लेपाचा विचार केला जातो, आणि तो समजण्याजोगा आहे. परंतु सर्वसाधारण रुग्णांमध्ये लेप दिलेल्या व न दिलेल्या सांध्यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत वेदना, हालचाल वा टिकाऊपणा यांत ठळक फरक आढळलेला नाही.

किमतीत मात्र फरक आहे. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या सांध्यांची कमाल किंमत ठरवली. त्या आदेशात कोबाल्ट-क्रोमियमचा साधा सांधा 54,720 रुपयांवर आणला गेला, तर टायटॅनियम आणि ऑक्सिडाईज्ड झिर्कोनियमच्या गटासाठी 76,600 रुपयांची मर्यादा घालण्यात आली. दोन्ही सांध्यांमध्ये सुमारे 22 हजारांचे अंतर राहिले, आणि ते मुख्यतः पृष्ठभागाचे मोल आहे. जास्त दराचा सांधा सुचवला गेल्यास तो आपल्याला का हवा, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

पृष्ठभाग गौण असतो, असा याचा अर्थ नव्हे. उलट शरीराची गाठ धातूशी पडतच नाही, ती पडते त्याच्या पृष्ठभागाशी. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साईडचा थर तयार होतो आणि हाड त्या थराला स्वीकारते. स्वीडनमधील संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे दंतरोपण केले, ते याच गुणाच्या भरवशावर. पुढे हाडातल्या खनिजाशी नाते सांगणारे हायड्रॉक्सिॲपेटाईट हे द्रव्य प्लाझ्माच्या प्रखर ज्वाळेतून धातूवर फवारले जाऊ लागले. हाड त्याला लवकर चिकटते. पण थर फार जाड झाला किंवा घट्ट बसला नाही, तर त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणजे लेप जितका उपयोगी, तितकाच तो जपून करण्याचा. एखाद्या वस्तूला जैवसुसंगत म्हणताना ती शरीराच्या कोणत्या भागात, कोणत्या भाराखाली आणि किती वर्षे राहणार, हेही पाहावे लागते.

या तपशिलाकडे दुर्लक्ष झाले की काय घडते, ते खुब्याच्या ‘एएसआर’ सांध्याने दाखवून दिले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा हा सांधा. त्याचा धातूचा गोळा धातूच्याच वाटीत फिरत असे. घर्षणाने कोबाल्ट व क्रोमियमचे सूक्ष्म कण झडत, ते भोवतालच्या ऊतींत आणि रक्तात उतरत. कोबाल्ट-क्रोमियम वर्षानुवर्षे शरीरात चालत आलेला धातू. परंतु या रचनेत, या घर्षणाखाली तोच अपायकारक ठरला. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2009 मध्ये तो बाजारातून काढण्यात आला आणि ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदली गेली ती महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनामुळे. केंद्राने डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती मात्र 2017 मध्ये. त्यानंतर 30 लाखांपासून 1 कोटी 23 लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरले. तोवर हजारो रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. भरपाई जाहीर झाली, पण घ्यायला माणूस सापडेना.

ऑस्ट्रेलियात दोष लवकर उघडकीस आला, कारण तेथे 1999 पासून प्रत्येक बदललेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. कोणता नमुना वारंवार काढून टाकावा लागतो, हे त्या नोंदींतूनच दिसले. भारतात अशी नोंद डॉक्टरांच्या संघटनेच्या स्वेच्छेवर चालते. वैद्यकीय साधनांमुळे झालेल्या अपायांच्या तक्रारींसाठी केंद्राचा स्वतंत्र कार्यक्रम 2015 पासून आहे. परंतु त्यात कुणीतरी तक्रार करावी लागते, आणि तक्रार करायची तर कोणता सांधा बसवला ते आधी माहीत हवे.

2017 च्या किंमत-आदेशात एक कलम होते, ज्याची चर्चा किमतीच्या गदारोळात मागे पडली. सांध्याच्या प्रत्येक भागाची किंमत, ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक रुग्णाच्या बिलात वेगळा नोंदवावा, असे त्यात म्हटले आहे. खासगी रुग्णालयात या कलमाचा आधार घेता येतो. गोव्यात मात्र पेडणे-डिचोलीतील बहुसंख्य रुग्ण म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातून बांबोळीला जातात किंवा दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर उपचार घेतात. पैसे द्यावे लागत नाहीत, ही मोठीच सोय आहे. पण त्यामुळे सविस्तर बिल हाती पडतेच असे नाही. सांध्याच्या खोक्यावरचा स्टिकर शस्त्रक्रियेच्या कागदावर चिकटवला जातो आणि फाईल रुग्णालयात राहते. मोपा विमानतळावरच्या तपासणीत यंत्र वाजते तेव्हा गुडघ्यात धातू आहे एवढे कळते, कोणता ते नव्हे.

दातांच्या बाबतीत स्थिती अधिकच सैल आहे. दंतरोपणाला गुडघ्यासारखी कमाल किंमत लागू नाही. किनारी पट्ट्यात पर्यटकही रोपण करून घेतात आणि आपल्या देशी परततात. पुढे काय झाले, हे दवाखान्याला कळणे दुरापास्त. खडबडीत पृष्ठभागाचे रोपण हाडात चांगले रुजते, पण हिरडी मागे सरून तो भाग उघडा पडला, तर त्यावरच जंतूंचा थर साचतो. मधुमेहात हा धोका वाढतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, गोव्यात आढळले होते. दुसरीकडे काढलेल्या टिकाऊपणाच्या आकड्यांवर येथे विसंबणे म्हणूनच कठीण आहे.

तुयेच्या नव्या रुग्णालयाविषयी पेडण्यात वर्षानुवर्षे बोलले जाते. ती चर्चा खाटा आणि डॉक्टरांच्या संख्येभोवती फिरते, आणि ते स्वाभाविक आहे. पण 2011 च्या जनगणनेत 15 लाखांच्या आत असलेल्या या राज्यात सांध्यांची व दंतरोपणांची एकत्र नोंदवही ठेवणे मोठ्या राज्यांपेक्षा कितीतरी सोपे आहे. बांबोळीत वैद्यकीय महाविद्यालय आणि दंत महाविद्यालय एकाच परिसरात आहेत, आणि विमा योजनेची देयके सरकारकडेच येतात. ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे, त्यांनी तूर्त एवढे करता येईल: डिस्चार्जच्या कागदांत स्टिकर नसेल तर रुग्णालयाच्या नोंद विभागाकडे अर्ज करून त्या पानाची प्रत मागवावी आणि ती आधार कार्डासोबत जपून ठेवावी.