विमान पडलं, अहवाल कुठाय?

गुगलवर "उड्डाण १७१ अपघात अहवाल" असं टाकून बघा. पानामागून पानं अहमदाबादच येतं. साहजिक आहे. १२ जून २०२५ ला एअर इंडियाचं लंडनला निघालेलं ड्रीमलायनर पडलं, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जण गेले. पण मला हवं होतं ते १७१ वेगळं. १२ ऑक्टोबर १९७६. इंडियन एअरलाइन्स, मुंबई ते मद्रास, कॅराव्हेल जातीचं विमान, उड्डाण क्रमांक तोच, १७१. सांताक्रूझहून उडालं, इंजिन गेलं म्हणून मागे फिरलं आणि धावपट्टी समोर दिसत असताना कोसळलं. ९५ च्या ९५ माणसं गेली.

दोन अपघातांचा नंबर एक असणं हा निव्वळ योगायोग. त्यात काही गूढ वगैरे नाही, ते चॅनेलवाल्यांसाठी सोडून देऊ. मला गंमत (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो) वेगळीच वाटली. नव्या १७१ चा प्राथमिक अहवाल बरोबर एका महिन्यात, १२ जुलैला, सगळ्यांच्या फोनवर होता. आणि जुन्या १७१ चा मूळ अहवाल शोधायला बसलो तर दोन शनिवार गेले आणि हाती काय आलं? सारांशाचे सारांश. इंजिनाच्या कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्याची चकती धातूच्या थकव्याने फुटली, तुकड्यांनी इंधनाच्या नळ्या कापल्या, आग लागली, हायड्रॉलिकचं तेल संपलं, आणि वैमानिकांच्या हातातलं नियंत्रण गेलं. चार ओळी. ९५ माणसांमागे चार ओळी.

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते सांगतो. आम्ही राहतो पनवेलजवळ कोनला. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली आणि आमच्या गच्चीवरच्या गप्पांचा विषय एक्स्प्रेसवेच्या ट्रॅफिकवरून विमानांवर आला. एकीकडे प्रबळगड, दुसरीकडे कर्नाळ्याचा सुळका. कुणीतरी म्हणालंच, "एवढे डोंगर आहेत, आदळायचं एखादं." दुसऱ्याने लगेच "आजकाल असं काही होत नाही" म्हणून निकाल लावून टाकला. मी इंजिनीयर पडलो. नुसतं "होत नाही" म्हणून सोडवेना. पूर्वी झालंय का, आणि झालं असेल तर का झालं, हे बघायला बसलो.

तर झालंय. ७ जुलै १९६२ ला, मध्यरात्रीनंतर. अलितालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईला येत होतं. जुन्नरजवळच्या डोंगरावर, सुमारे ३६०० फुटांवर ते आदळलं. ९४ मृत्यू. मुंबई विमानतळ तिथून ८० किलोमीटरहून जास्त लांब होता. चौकशीत निघालं ते असं: आपण मुंबईच्या जितके जवळ आहोत असं वैमानिकाला वाटत होतं तितकं विमान जवळ नव्हतं. त्यामुळे अंधारात, पावसाळ्यात, तो लवकर खाली येऊ लागला. दिशादर्शनाच्या ज्या सोयी उपलब्ध होत्या त्यांचा पुरता उपयोग केला नाही आणि ठरलेल्या किमान उंचीच्या खाली उतरला. म्हणजे डोंगराचा दोष नव्हता, डोंगर कुठे आहे ते नकाशावर होतंच. गच्चीवरच्या वादाचं उत्तर मिळालं. पण आता मला सारांशावर समाधान होईना. त्या सोयी नेमक्या कोणत्या? टॉवरशी काय बोलणं झालं? तिथून हे सुरू झालं.

आता जुने अहवाल सापडत का नाहीत याची भानगड बघा. तेव्हा अपघाताची चौकशी १९३७ च्या विमान नियमांखाली व्हायची. साधा अपघात असेल तर खात्यातलाच निरीक्षक. मोठा असेल तर नियम ७५ खाली रीतसर चौकशी न्यायालय बसायचं, त्यात एक अध्यक्ष आणि मदतीला तज्ज्ञ. हे "न्यायालय" तात्पुरतं. साक्षी झाल्या, अहवाल दिला, की बरखास्त. कागद जाणार मंत्रालयाकडे. आणि मंत्रालय? १९६२ मध्ये विमानं परिवहन आणि दळणवळण मंत्रालयाखाली होती. १९७६ मध्ये पर्यटन आणि नागरी विमान वाहतूक असं एकत्र खातं होतं. पुढे पर्यटन सुटलं. २०१२ मध्ये अपघात तपासासाठी एएआयबी हा वेगळा विभाग आला, त्याआधी सगळं डीजीसीएकडे असायचं. आयटीत काम करणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. एका व्हेंडरने प्रोजेक्ट केला, तो गेला, दुसऱ्याने घेतला, क्लायंटच्या कंपनीचं नाव तीनदा बदललं, आणि डॉक्युमेंटेशन कुठल्या तरी सर्व्हरवर आहे जो आता कुणाचाच नाही.

सगळ्यात चमत्कारिक अनुभव १ जानेवारी १९७८ च्या अपघाताचा. एअर इंडियाचं पहिलं जम्बो, "सम्राट अशोक", दुबईला निघालं आणि उड्डाणानंतर १०१ सेकंदांत वांद्र्याच्या समुद्रात गेलं. २१३ जण होते, कुणी वाचलं नाही. आधी घातपाताची शंका आली, पण अवशेषांत स्फोटाच्या खुणा नव्हत्या. चौकशीने सांगितलं की कॅप्टनसमोरचं, विमान कुठल्या बाजूला किती कललंय ते दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. बाहेर काळोख, खाली समुद्र, क्षितिज दिसत नाही. त्या यंत्रावर विसंबून त्याने विमान उलट बाजूला वळवत नेलं आणि इतर यंत्रं बघून ते सावरता आलं नाही.

याची कागदपत्रं शोधताना मला सर्वात आधी काय मिळालं असेल? अमेरिकन कोर्टाचे कागद. मृतांच्या नातेवाइकांनी बोईंग आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांवर तिकडे दावे लावले होते, सिएटलच्या फेडरल कोर्टात. १९८५ मध्ये न्यायाधीश जेम्स फिट्झजेराल्ड यांनी कंपन्यांवरचे निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले. त्याच खटल्यातला १९८२ चा एक आदेश घरबसल्या फुकट वाचता येतो, शोधायला एक मिनिट लागत नाही. खटल्याच्या नावातच "मुंबईजवळची विमान दुर्घटना" आहे. वांद्र्याच्या समुद्रात पडलेल्या विमानाबद्दल वाचायला कोनहून सिएटलला जायचं. का?

आमच्याकडे पनवेल तालुक्यात जुने कागद शोधणं हे घरोघरी चालतं. भूसंपादन आलं की आजोबांच्या काळातले फेरफार काढायला माणसं तहसीलच्या रेकॉर्ड रूमला खेपा घालतात, आणि चिवटपणे काढतात. जमिनीचा कागद जपायचा असतो हे सरकारलाही पटलेलं आहे आणि आपल्यालाही. माणसं मेल्याचा कागद जपायचा असतो हे मात्र अजून दोघांनाही पटलेलं दिसत नाही.

मी एका सरकारी कार्यालयात फोनही करून पाहिला. पलीकडचे गृहस्थ सज्जन होते. "इतकं जुनं कशाला हवंय तुम्हाला?" एवढंच विचारलं त्यांनी. त्यांना दोष देत नाही. पण हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, आणि का ते जरा सविस्तर सांगतो.

ऑफिसात प्रोडक्शनला काही आपटलं की आपण आरसीए लिहितो. मुळाशी काय होतं, कुठली साखळी तुटली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. तो विकीवर टाकतो. कशासाठी? दोन वर्षांनी येणाऱ्या नव्या पोराने तीच चूक करू नये म्हणून. कुणी आरसीए लिहून कपाटात कुलूपबंद केला तर मॅनेजर काय म्हणेल ते सांगायला नको. विमान अपघाताच्या चौकशीचा हेतूही हाच. आयकाओच्या अनेक्स १३ मध्ये स्पष्ट आहे की तपास पुढचे अपघात टाळण्यासाठी आहे, दोष वाटण्यासाठी नाही, आणि अंतिम अहवाल लोकांसमोर आणावा. मग ४८ किंवा ६४ वर्षं जुना अहवाल "कशाला हवाय" हे विचारायचा प्रश्न येतोच कुठे?

आणि अहवाल नसला की ती जागा रिकामी राहत नाही. होमी भाभांचं बघा. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं विमान माँ ब्लाँवर आदळलं, ११७ जण गेले. फ्रेंच चौकशीने सांगितलं की दिशादर्शनाचा एक रिसीव्हर बंद होता आणि रडारवरून सांगितलेल्या जागेबद्दल वैमानिकाचा गैरसमज झाला. शिखर मागे पडलं असं त्याला वाटलं. इतकी साधी, इतकी वाईट गोष्ट. पण आपल्याकडे व्हॉट्सॅपवर दर जानेवारीत सीआयएच फिरतं. चौकशीत काय निघालं ते मराठीत एका पानावर कुणी ठेवलं असतं तर निम्म्या काकालोकांनी तरी ते फॉरवर्ड केलं नसतं. (निम्म्या. मी आशावादी माणूस आहे.) अहमदाबादच्या बाबतीतही तेच झालं. प्राथमिक अहवालात कॉकपिटमधल्या संभाषणाची दोन वाक्यं, तीही सारांशात. त्यावर जगभर लोकांनी वैमानिकाला दोषी ठरवून टाकलं, इतकं की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

काही लोक म्हणतील की जुन्या जखमा कशाला उकरायच्या, नातेवाइकांना त्रास. हा आक्षेप मी हलका मानत नाही. शेवटच्या क्षणांचं रेकॉर्डिंग कुणी यूट्यूबवर टाकावं असं मला अजिबात वाटत नाही, आवाज बंदच राहू दे. पण अहवाल वेगळा. मंगळूरचं उदाहरण घ्या. २२ मे २०१०, १५८ मृत्यू, आठ जण वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि अहवाल नेटवर आला. मी तो बसून वाचला. कॅप्टन प्रवासात तास-दीड तासाहून जास्त झोपला होता आणि जागं झाल्यावरचा जडपणा पुरता गेला नव्हता. सहवैमानिकाने पुन्हा वर चला असं तीनदा सुचवलं होतं. वाचून राग येतो आणि मग हळूहळू रागाच्या पुढचं दिसू लागतं: ज्युनियरचं सिनियर का ऐकत नाही, थकव्याचं काय करायचं, धावपट्टीच्या टोकाला काय असावं. चार ओळींच्या सारांशात फक्त राग येतो. नातेवाइकांना जास्त त्रास कशाने होत असेल, तुम्हीच सांगा.

आता कायदा. माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(३) फार कमी लोकांना माहीत असतं. अर्जाच्या तारखेच्या २० वर्षं आधी घडलेल्या गोष्टीची माहिती द्यावीच लागते. अपवाद तीनच उरतात: देशाची सुरक्षा वगैरे, संसदेचे विशेषाधिकार, आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं. बाकीचे सगळे अपवाद २० वर्षांनी गळून पडतात. वैयक्तिक माहितीचं जे कलम नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी कडक झालं, ८(१)(जे), ते या तिघांत नाही. म्हणजे १९७६ च्या अहवालासाठी तेही कारण चालत नाही. राहिलं ते "फाईल सापडत नाही". त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, भारत सरकार विरुद्ध विश्वास भांबुरकर या प्रकरणात सांगून ठेवलंय की एके काळी दप्तरात असलेली माहिती नुसती सापडत नाही म्हणून नाकारता येत नाही. नीट शोध घ्या, गहाळ असेल तर जबाबदारी ठरवा.

मला विचाराल तर हे एकेकट्या माणसाने अर्ज करून मिळवायचं कामच नाही. स्वातंत्र्यानंतरचे मोठे अपघात मोजकेच आहेत. त्यांचे अहवाल स्कॅन करून एका पानावर तारखेप्रमाणे लावायला दोन माणसं आणि एक बरा स्कॅनर पुरे. ज्याची फाईल खरंच गेली असेल तिथे "गहाळ" असं लिहा, शेवटची कुणाकडे होती तेही लिहा. आपल्या क्षेत्रातलं याहून सोपं काम मला गेल्या पाच वर्षांत कुणी दिलेलं नाही.

तोपर्यंत अर्ज. कालच लिहिला. मुद्दे मोजके ठेवलेत: १९६२, १९७६ आणि १९७८ च्या तिन्ही अहवालांच्या प्रती, त्या आज कुठल्या कार्यालयाच्या ताब्यात आहेत, राष्ट्रीय अभिलेखागाराकडे पाठवल्या असतील तर कधी आणि कुठल्या यादीने, नष्ट केल्या असतील तर कुणाच्या आदेशाने. अर्ज चुकीच्या कार्यालयात पोचला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, त्यामुळे "आमच्याकडे नाही" एवढ्यावर भागत नाही. फी १० रुपये. भाषा मराठी, कारण कलम ६(१) मध्ये त्या भागाची राजभाषा चालते. सोमवारी पनवेल पोस्टातून स्पीड पोस्टने टाकतोय, मिळाल्यापासून ३० दिवस. कुणाला नमुना हवा असेल तर सांगा, पाठवतो. तारखा तेवढ्या बदलून घ्या.