पाणपोई आणि विजेचे वाहन

वैशाख शुद्ध तृतीयेला आपल्या घरांत दोन गोष्टी हटकून होतात. सकाळी पितरांचे स्मरण करून उदकुंभाचे दान दिले जाते. आणि साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून कोणी सोने, तर कोणी नवे वाहन घरी आणतो. अलीकडे या दिवशी दारात उभ्या राहणाऱ्या वाहनांत विजेवर चालणारी वाहनेही पुष्कळ दिसतात. हार, नारळ, स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, सारे यथासांग होते. परंतु हे वाहन गावाची वेस ओलांडून गेले म्हणजे त्याची तहान कोण भागविणार? उदकुंभाचा आणि या प्रश्नाचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात एकोणीस लाखांहून अधिक विद्युत वाहने विकली गेली. त्यांत दुचाक्या आणि तीनचाक्याच बहुसंख्य. डिसेंबर २०२४ मध्ये सार्वजनिक चार्जिंग स्थानके होती २५,२०२. त्यांपैकी कर्नाटकात ५,७६५ आणि महाराष्ट्रात ३,७२८. पेट्रोल पंप लाखाच्या घरात आहेत. शिवाय पंपावरून मोटार पाच मिनिटांत मोकळी होते. येथे जलद यंत्रावरही पाऊण-एक तास मोडतो. संख्येत दिसते त्याहून प्रत्यक्षातली तूट मोठी आहे, ती अशी.

शासन स्वस्थ बसले आहे, असे म्हणता येणार नाही. वाहन चार्ज करून देणे म्हणजे वीजविक्री नव्हे, सबब त्यास परवाना नको, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महामार्गावर दोन्ही बाजूंस दर पंचवीस किलोमीटरला एक स्थानक असावे, असे ठरले. २०२४ च्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत १०,९०० कोटी रुपयांपैकी २,००० कोटी या कामासाठी राखून ठेवले गेले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नवे धोरण संमत केले ते २९ एप्रिल २०२५ रोजी, त्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी! मग अडते कोठे? जलद यंत्रासाठी मोठा वीजभार, बहुधा स्वतंत्र रोहित्र आणि गाडी येवो न येवो, महिन्याचा स्थिर आकार भरावा लागतो. गाड्या येत नाहीत म्हणून कोणी स्थानक उभारीत नाही. स्थानक नाही म्हणून त्या वाटेला गाडी जात नाही. न्यायशास्त्रात यालाच अन्योन्याश्रय दोष म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात हा दोष मी अंगावर घेतला. कीर्तनाला नेण्यासाठी यजमानांनी आपली नवी विजेची मोटार पाठविली होती. वाटेत भ्रमणध्वनीवरील नकाशाने दोन स्थानके दाखविली. पहिल्यावर यंत्राला ताडपत्री गुंडाळलेली. दुसरे सुरू होते. पण त्याचे निराळे ॲप हवे, त्यात आधी पैसे भरावे लागणार, आणि तेथे नेटवर्कचा पत्ता नाही. अखेर एका पिठाच्या गिरणीवाल्याने आपल्या जाड सॉकेटला तार जोडू दिली. दोन तासांत चाळीसेक किलोमीटरची बेगमी झाली. त्या गृहस्थाने पैसे तर घेतले नाहीतच, वर चहा पाजला. त्या रात्री पूर्वरंग आटोपता घ्यावा लागला, इतकेच.

आपल्या धर्मशास्त्रात ‘इष्ट’ म्हणजे यज्ञयाग आणि ‘पूर्त’ म्हणजे विहिरी, तळी, उपवने, धर्मशाळा व प्रपा, अर्थात पाणपोई. पूर्ताचा अधिकार सर्व वर्णांना आहे. त्यातील मर्म उत्सर्गविधीत आहे. तळे खणून झाले की कर्त्याने हातात उदक घेऊन ते सर्व भूतांसाठी सोडावयाचे. त्यावरचे आपले स्वामित्व तेथे संपते. (शास्त्रातले हे पाणी व्यवहारात सर्वांना मिळाले नाही आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, ही आपली लाज आहे.) मजजवळ ज्याचे ॲप आहे त्यालाच वीज देणारे स्थानक ही उत्सर्गावाचूनची विहीर होय. ताडपत्रीखालच्या यंत्राविषयीही शास्त्र मूक नाही: नव्या बांधकामाहून जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक सांगितले आहे. उद्घाटनाची फीत कापणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

अहिल्याबाई होळकरांनी काशी, गया, सोमनाथ अशा आपल्या राज्याबाहेरच्या क्षेत्रीही बांधकामे केली. वाटसरू कोणाचा, हे त्यांनी पाहिले नाही. आज तीर्थक्षेत्रांतील संस्थानांनी आणि धर्मशाळांनी हे काम अंगावर घ्यावे असे मला वाटते, आणि त्यासाठी लक्षावधी रुपयांचे जलद यंत्र मुळीच नको. भक्तनिवासात गाडी रात्रभर उभीच असते. साधे १५ अँपिअरचे सॉकेट ताशी सुमारे तीन युनिट देते. दहा तासांत तीस. लहान मोटारीची बॅटरी तेवढ्यात जवळजवळ भरते आणि दुचाकीला तर दोन-चार युनिटे पुष्कळ. देवळाच्या दाराशी उभ्या असणाऱ्या ई-रिक्षांचा विचार आधी व्हावा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या त्या चालकाला घरी गाडी लावण्याची जागा आणि स्वतःचा वीजमीटर बहुधा नसतो.

वीज फुकट द्यावी असे माझे म्हणणे नाही. पाणपोईचे पाणी वेगळे, विजेचे देयक वेगळे. संस्थानाने स्वतंत्र मीटर बसवून लागत दराने पैसे घ्यावेत, आणि ते रोखीनेही स्वीकारावेत. मंजूर भार आधी वाढवून घ्यावा, अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे. यात्रेच्या गर्दीत लोंबत्या तारा म्हणजे अपघाताला आवतण. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लागणारच, ती लागू द्या. फक्त तिच्याखाली, सॉकेट बंद पडल्यास रात्री कोणाला उठवावयाचे, त्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावा.