पत्र्याच्या आत

आधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी मी एका गॅरेजवर फीचर लिहिलं होतं. जुन्या गाड्या 'अगदी नव्यासारख्या' करून देणारं गॅरेज. चकाचक फरशी, भिंतीवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो, स्टायलिश मालक आणि वर फुकट फिल्टर कॉफी. दोन तासांत मुलाखत, आठशे शब्द, डेडलाइनच्या आत. हेडिंगही मस्त जमलं होतं. चार लोकांनी फोन केले, मला उगाचच भारी वाटलं.

आणि माझ्या मामाने ते वाचून आपली गाडी तिथे नेली.

मामाची गाडी म्हणजे १९२९ची शेवरोले टूरर. टूरर म्हणजे वर कापडी हूड, बाजूला काचा नाहीत, पावसात देवाचं नाव घ्यायचं. जनरल मोटर्सने १९२८मधे मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, त्याच सुमाराची. चार सिलिंडरवरून शेवरोले सहावर आली ती याच मॉडेलने. पणजोबा साताऱ्याला वकिली करायचे, त्यांनी ती सेकंडहँड घेतली. शेवटची चाळीसएक वर्षं ती वाईच्या वाड्यात, जिथे पूर्वी घोडी बांधत त्या पागेत उभी होती. वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा धाकटा मामा म्हणाला, 'गाडीला गिऱ्हाईक आहे, विकून टाकू.' मोठ्या मामाने मात्र आपल्या वाट्यातले पैसे कमी करून घेतले आणि गाडी मागितली. तेव्हापासून मामी तिला 'सवत' म्हणते.

आता तुम्ही म्हणाल, जुनी गाडी म्हणजे काय, इंजिन चालू करायचं, डेंटिंग-पेंटिंग करायचं, झालं. मलाही तेच वाटायचं. पण त्या काळच्या बहुतेक गाड्या बाहेरून लोखंडी आणि आतून चक्क सुतारकाम! खाली लोखंडी चासी, त्यावर लाकडाची अख्खी चौकट, आणि चौकटीवर पातळ पत्रा खिळ्यांनी मारलेला. दाराचे खांब लाकडी, दाराची कड लाकडी, सीटखालचा सांगाडाही लाकडी. जनरल मोटर्सच्या बंद गाड्यांच्या बॉड्या करणारे फिशर बंधू घोडागाड्या बनवणाऱ्या घरातले होते आणि त्यांच्या बिल्ल्यावरसुद्धा बग्गीचं चित्र होतं. यावरून काय ते समजा. १९३५च्या मॉडेल्सपासून कंपनीने अखंड पोलादी टप आणला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिच्या गाड्यांमधलं लाकूड जवळपास संपलं.

तर मामाच्या गाडीचं लाकूड वाळवीने खाल्लं होतं. गॅरेजवाल्यांनी ते सगळं काढलं, आत चौकोनी लोखंडी पाइप वेल्ड केले, वरून चेरी रेड रंग मारला. गाडी घरी आली तेव्हा सोसायटीतली पोरं सेल्फी काढायला धावली. मामाने मला फोटो पाठवले, खाली लिहिलं, 'थँक्स टु यू.'

पुढचं मला कुणी सांगितलंच नाही. दिवाळीत फराळाला गेले तर गाडी पार्किंगमधे ताडपत्रीखाली. मामा विषय बदलत होता. शेवटी मामी चकलीचं ताट पुढे करत म्हणाली, 'तुझ्या लेखातलं गॅरेज हो. स्पीडब्रेकर आला की दार आपोआप उघडतं. रंगाला तडे गेलेत. आणि हे आम्हाला म्हणतात, पोरीला सांगू नका, तिला वाईट वाटेल.'

चकली घशाखाली उतरेना, बॉस.

त्या गॅरेजमधे मी काय काय विचारलं होतं ते आठवलं. 'तुमची पॅशन कशी सुरू झाली?' 'सगळ्यात महागडी गाडी कुठली?' पत्र्याच्या आत काय घालता, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं. गॅरेजला फोन केला तर उत्तर आलं, 'मॅडम, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.' पैसे गेले ते गेलेच.

दुसरा माणूस शोधायचं काम मग मीच अंगावर घेतलं. धायरीच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमधे एक मिस्त्री भेटले. वय सत्तरीच्या आसपास. आयुष्यभर ट्रकच्या लाकडी बॉड्या केलेल्या. मुलगा मॉड्युलर किचनच्या धंद्यात. मिस्त्रींनी गाडीला एक फेरी मारली, रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. दार थोडं उघडलं, खालून हाताने वर उचललं आणि म्हणाले, 'ताई, चासी पिळते.'

म्हणजे काय, ते त्यांनी माझ्या वहीने दाखवलं. वहीचा एक कोपरा वर उचलला की वही पिळली जाते. एक चाक खड्ड्यात गेलं की ही जुनी चासीही तशीच पिळते. लाकडाची चौकट सांध्यांत केसभर हलते, थोडी लवते आणि परत जागेवर येते. वेल्ड केलेला पाइप लवायला तयार नसतो. मग तो सगळा जोर जातो वेल्डिंगवर आणि पत्र्यावर. म्हणून तडे, म्हणून दार उघडणं. शिवाय हूडचं कापड आणि सीटचं रेक्झिन बारीक चुकांनी ठोकायचं असतं. पाइपात चुका ठोकणार कशा? गॅरेजने ते चक्क चिकटवलं होतं आणि मे महिन्याच्या उन्हात ते सुटून आलं होतं.

'कापून काढावं लागेल,' मिस्त्री म्हणाले. मामा काहीच बोलला नाही. मग हळूच म्हणाला, 'जुनं लाकूड आहे माझ्याकडे. तीन पोती.'

गॅरेजने ते फेकायला काढलं होतं, मामाने गोळा करून आणलं होतं. मामी त्यातलं एक पोतं बंबात घालायला निघाली होती. थोडक्यात वाचलं!

पुढचे सात महिने माझे शनिवार त्या शेडमधे गेले. आधी मिस्त्रींनी दाराच्या दोन्ही बाजूंना तात्पुरत्या पट्ट्या आडव्या मारून पत्र्याचा आकार बांधून ठेवला, नाहीतर पाइप कापल्याबरोबर सगळं ढासळलं असतं. मग पोती जमिनीवर ओतली. जिगसॉ पझल बघितलंय ना, तसं. पण निम्मे तुकडे भुसा झालेले. उजवीकडच्या दाराचा खांब तर मुठीत धरला की चुरा. डावीकडचा मात्र जवळपास शाबूत. मग डावा पुठ्ठ्यावर आखायचा आणि उलटा करून उजवा करायचा. मला वाटलं, सोपं आहे की. मिस्त्रींनी मान हलवली. हाताने बसवलेल्या गाडीत दोन्ही बाजू सारख्या नसतात, दोन सुतांचा फरक निघतोच. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांकडे मिलिमीटरला अजून तेवढा भाव नाही.) म्हणून प्रत्येक तुकडा पत्र्याला लावून बघायचा, रंधा मारायचा, परत लावायचा. एका खांबाला एक शनिवार.

लाकूड कुठलं घ्यायचं? इंग्लंडमधे माल्व्हर्नला मॉर्गन कंपनी आजही आपल्या गाड्यांच्या बॉडीत ॲश झाडाचं लाकूड वापरते, कारण ते लवतं. आपल्याकडे मिस्त्रींचा भरवसा सागावर. त्यात तेल असतं, वाळवी सहसा तोंड लावत नाही. पण सागही जुना, मुरलेला हवा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पीळ धरतो. मामाने दोन दिवस विचार केला आणि वाईला गेला. वाडा उतरवण्याचं काम चालू होतं, बिल्डरचा माणूस लाकूड वजनावर विकत होता. मामाने माजघरावरची एक तुळई विकत घेतली. स्वतःच्याच घरातली, पैसे मोजून. टेंपोचं भाडं वेगळं. घरी हे मामीला सांगायची हिंमत त्याला नव्हती, ते काम माझ्याकडे आलं. मी सगळं सांगितलं. मामी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'माजघरातली ना? तिलाच पाळणा टांगायचो आम्ही.' एवढंच.

मिस्त्रींनी आधी तुळईवर लोहचुंबक फिरवलं. जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात, करवतीचे दात जातात. निघाले पण, सतरा. साग ॲशसारखा सहज वाकत नाही, म्हणून मागच्या गोलाईसाठी छोटे तुकडे अशा बेताने कापले की लाकडाची रेष वळणाबरोबर चालेल. रेष आडवी गेली की तिथेच तुटतं. मग कुसू आणि खाच करून ते एकमेकांत बसवले. चौकट जुळवली तीही टेबलावर नाही, थेट चासीवर. खाली रबराचे तुकडे, बोल्ट ढिले. आधी दारं टांगली. मग पुढच्या एका चाकाखाली जाड फळी सारली आणि दार काय करतं ते पाहिलं. घासलं तिथे पेन्सिलची खूण, परत रंधा. हे सगळं जमल्यावरच सांधे पक्के केले, आणि लाकूड-पत्र्यामधे फेल्टची पट्टी घातली, म्हणजे गाडी कुरकुरणार नाही.

शेवटच्या शनिवारी पत्रा मारायच्या आधी मी फोटो काढत होते. नुसता सांगाडा, सोनेरी-तपकिरी. यार, गाडी तेव्हाच सगळ्यात देखणी दिसत होती! जुन्या एका तुकड्यावर कुणीतरी पेन्सिलने आकडा टाकलेला सापडला होता. मामा मिस्त्रींना म्हणाला, 'तुम्हीही आत कुठेतरी सही करा.' मिस्त्रींनी पेन्सिल घेतली आणि खांबावर लिहिलं, 'डावा पुढचा.'

'हे काय? सही करा म्हटलं!'

'सही काय करायची? पुढं कुणी उघडलं तर बाजू कळायला नको?'

गाडीला आता साधा काळा रंग आहे. दार लोटलं की एकदाच 'ठप' असा आवाज येतो आणि ते बसतं. मागच्या रविवारी मामी पहिल्यांदा त्यात बसली. सिंहगड रोडवरचे सगळे स्पीडब्रेकर मोजले म्हणे. दार उघडलं नाही. 'सवत' हे नाव मात्र कायम आहे.

तुमच्यापैकी कुणी पहिल्या बोनसमधून अशी जुनी गाडी घ्यायला निघालं असेल, तर रंगाच्या प्रेमात पडायच्या आधी एवढं करा. दार अर्धवट उघडा आणि खालून हलकेच वर उचला. बिजागरीबरोबर अख्खा खांब हलला तर आत लाकूड संपलंय. दाराभोवतीची फट वर-खाली सारखी आहे का बघा. पायाखालचं कार्पेट उचलून कडेच्या लाकडात टोच्या खुपसून बघा. आणि कुणी 'पाइप टाकून देतो, पक्कं काम' म्हणालं, तर कॉफी प्या आणि घरी या.

माझ्या त्या जुन्या फीचरची दुरुस्ती छापायला संपादकांकडे जागा नव्हती. विषय शिळा झालाय म्हणाले. म्हणून मग हा कॉलम.