संसार ओढणारी तीन इंजिने

गाडीचा विषय निघाला की घरातली तरुण मुले फेरारीचे बारा सिलिंडर आणि रोल्स रॉइसचा थाट यांवर तासन्‌तास बोलतात. त्या इंजिनांची थोरवी कोण नाकारेल? पण ज्या घरात एका गाडीच्या कमाईवर मुलांची फी, अब्बांचे औषध आणि ईदचे कपडे अवलंबून असतात, तिथे इंजिनाची परीक्षा वेगळी असते. ते इंधन किती पिते? किती वर्षे टिकते? बिघडले तर किती दिवसांत आणि किती पैशांत पुन्हा उभे राहते? या कसोटीवर आपल्या रस्त्यांवरची तीन इंजिने मला आजवरची सर्वांत मोठी वाटतात.

पहिले फियाटचे १०८९ सी.सी.चे. याचा जन्म १९३७ सालचा, इटलीतला. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाटमध्ये आणि पुढे प्रीमियर पद्मिनीमध्ये ते धडधडत राहिले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. हिच्यात लपवण्यासारखे काही नव्हते. कार्ब्युरेटर, पॉइंट, प्लग, टॅपेट, सारे डोळ्यांना दिसणारे आणि हाताला लागणारे. आवाज ऐकून उस्ताद सांगत, टॅपेट सैल झालेत की पॉइंट जळलेत. बोअर झिजला तर तो मोठा करून घ्यायचा, वाढीव मापाचे पिस्टन बसवायचे, की गाडी पुन्हा धंद्यावर. याच इंजिनावर गॅरेजमधली कितीतरी पोरे पाना धरायला शिकली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला.

दुसरे मारुती ८०० चे. तीन सिलिंडर, ७९६ सी.सी. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी आली आणि जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली. इंजिन लहान, गाडी हलकी आणि जोर थेट पुढच्या चाकांना. त्यामुळे थोड्या पेट्रोलमध्ये चार माणसांचे कुटुंब गावी जाऊन येई. तिचा खरा मोठेपणा मात्र भरवशात होता. सकाळी किल्ली फिरवली की ती सुरू होई. धक्का मारायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागत नसे. गाडी वाटेत दगा देणार नाही, ही खात्री असली की घरातली बाई एकटीही गाडी काढते. हेच इंजिन ओम्नीत बसले. शाळेची मुले, भाजी, मंडपाचे सामान आणि दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळ्यांना त्याने वाहून नेले.

तिसरे फियाटचेच, १.३ मल्टिजेट डिझेल. खरे माप १२४८ सी.सी. जुन्या डिझेल इंजिनात इंधन एका दमात फवारले जाई, म्हणून तो खडखडाट. यात डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठते आणि एका स्फोटासाठी थोडे थोडे करून पाच वेळांपर्यंत आत सोडता येते. जळण हळुवार होते, आवाज घटतो, इंधन वाचते. पुण्याजवळच्या रांजणगावला आणि हरियाणातल्या मानेसरला ते बनत असे. स्विफ्ट, डिझायर, पुंटो, इंडिका व्हिस्टा, अर्टिगा. कंपन्या वेगळ्या, पण इंजिन एकच. त्यामुळे सुटे भाग गावोगाव मिळत आणि कारागीरही. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांमधून ते गेले.

आज अनेक घरांत कर्ज काढून सेकंडहँड डिझायर घेतली जाते, टूरिस्टचा धंदा सुरू होतो. असा सौदा करताना रंग आणि सीट कव्हर पाहून भुलू नका. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर निघत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेटची शंका घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी मिसळले असण्याचा संभव आहे. स्वतःचा मिस्त्री बरोबर न्या. त्याची मजुरी पुढच्या खर्चापुढे काहीच नाही.

गाडी घेतल्यावर ऑइल वेळेवर बदला. मल्टिजेटचा टर्बो ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. काळे, जुने ऑइल त्याला मारते. लांबून आल्यावर मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवून मग बंद करा.

शेवटची गोष्ट गॅरेज चालवणाऱ्या भाऊ-चाचांसाठी. पद्मिनी कानाने दुरुस्त होत होती, मल्टिजेटला स्कॅनर लागला आणि पुढच्या गाड्यांना वायरिंगचे आणखी ज्ञान लागेल. हाताखालच्या पोराला नुसता पाना देऊ नका. त्याला दहावी होऊ द्या, आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा कोर्स करू द्या. तुमचा कान आणि त्याचा स्कॅनर एकत्र आले, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही.