सुट्टी गुरुवारची, तयारी बुधवारची

बाहेरगावच्या पाहुण्यांना आमच्याकडची एक गोष्ट दरवेळी नव्याने समजावून सांगावी लागते. आमच्याकडे रविवार गुरुवारी येतो! चिंचवड, आकुर्डी, भोसरी या बाजूच्या कितीतरी कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. वीज मंडळाच्या काळात ही पद्धत पडली. साऱ्या राज्यातल्या कारखान्यांनी सहा दिवस एकदम वीज ओढायची आणि सातव्या दिवशी एकदम थांबायचे, हे परवडणारे नव्हते. म्हणून भागाभागाला वेगवेगळे वार वाटून दिले. डोंबिवलीकडे शुक्रवार गेला, आमच्या वाट्याला गुरुवार आला.

शाळांना मात्र सगळीकडे रविवारच. मी एका शाळेत आठवड्यातून चार दिवस शिकवते, दोन्ही मुले शाळेत, आणि ‘हे’ कारखान्यात. तेव्हा वर्षातले दहा महिने ह्यांचा गुरुवार आणि आमचा रविवार यांची गाठच पडत नाही. ती पडते उन्हाळ्याच्या सुट्टीत. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सहा-सात गुरुवार काय ते हाती लागतात. आठवडाभराची रजा काढून महाबळेश्वर गाठणे ज्यांना जमते त्यांनी खुशाल गाठावे. पण पाळीच्या नोकरीत मे महिन्यात रजा सगळ्यांनाच हवी असते आणि मिळते थोड्यांना. म्हणून या सहा-सात गुरुवारांचे काय करता येईल, ते आज लिहिते.

मैत्रिणींनो, आधी कॅलेंडर घेऊन बसा आणि पाळ्या मांडा. रात्रपाळी उरकून गुरुवारी सकाळी सात वाजता घरी आलेल्या माणसाला गाडी चालवायला बसवू नये. ‘मला नाही येत झोप, चला,’ असे पुरुषमंडळी म्हणतातच. पण महामार्गावर डोळा लागायला एक क्षण पुरतो. तो गुरुवार झोपेचा म्हणून सोडून द्यावा. फार तर ऊन उतरल्यावर सासूबाईंना घेऊन देहूला इंद्रायणीच्या घाटावर बसून यावे. भंडारा डोंगरावरही आता गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांची अडचण होत नाही. एकादशी नसेल तर गर्दीही बेताची असते.

दुसरी अडचण सोबतीची. आमच्या रावेतच्या इमारतीत कुणाला गुरुवार, चाकणकडे जाणाऱ्या काहींना रविवार, हिंजवडीच्या संगणकवाल्यांना शनिवार-रविवार. चार घरांनी मिळून जायचे म्हटले की पंचांग काढायची पाळी! त्यावर आम्ही शोधलेला उपाय असा, की सगळे पुरुष हवेतच हा हट्ट सोडायचा. ज्यांचा गुरुवार मोकळा ते येतात, बाकी बायका आणि मुले. सगळ्यांनी मिळून जायची हौस १ मेला भागवायची. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच दिवशी, त्यामुळे बहुतेकांना सुट्टी असते.

जायचे कुठे? लांब जाऊच नका. आकुर्डी स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल धरली की साधारण पाऊण तासात मळवली. ही लोकल १९७८ सालापासून धावते आहे, पण मुलांना मॉलचा रस्ता जसा पाठ असतो तसा मळवलीचा नसतो. स्टेशनपासून भाजे गाव चालत जाण्यासारखे. तिथून पायऱ्या चढल्या की दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची लेणी. चैत्यगृहाच्या छताला आतून लाकडी कमानी आहेत, दगडात लाकूड बसवलेले. आमचा धाकटा तिथे मान वर करून किती वेळ उभा होता! एका ओळीने असलेले लहान-मोठे चौदा स्तूप मुलांनी मोजावेत. ढोलांची जोडी वाजवणारी बाई भिंतीवर कोरलेली आहे, ती शोधायला लावावी. निदान अर्धा तास शांतता मिळते. रुळांच्या पलीकडच्या बाजूला कार्ले. तिथले चैत्यगृह देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, आणि दारातच एकवीरा आई. पण दोन्ही एकाच दिवशी करायचा लोभ धरू नका. मे महिन्याच्या उन्हात अकरानंतर मुले रडकुंडीला येतात, आणि मोठी माणसेही. सहा-साडेसहाला निघावे, अकराच्या आत खाली उतरावे. दुपारी लोकल विरळ असतात, परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी.

लोहगडाचे नाव जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून आमच्या घरी ‘लोहगड, लोहगड’ चालले आहे. गड सुंदरच आहे. पण वर सावली कमी, म्हणून माझे मत विचाराल तर तो दिवाळीनंतरसाठी राखून ठेवा. आणखी एक. गुरुवार हा दत्ताचा आणि साईबाबांचा वार. शिर्डी किंवा नारायणपूर करायचे असेल तर गुरुवार सोडून करा, नाहीतर सुट्टी रांगेत संपते.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. पवना धरणाच्या काठी बसून डबा खावा. रावेतच्या बंधाऱ्यावरून आपल्या नळाला येते ते पाणी इथूनच सुटते, हे मुलांना दाखवावे. पाण्यात पाऊल घालू देऊ नये. उन्हाळ्यात पाणी उतरले की काठाला गाळ उरतो आणि संथ दिसणाऱ्या पाण्याचा अंदाज येत नाही. १५ जून २०२५ ला, रविवारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने भरलेला असताना कोसळला. चौघांचे प्राण गेले, कितीतरी माणसे जखमी झाली. शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार होत्या. जिथे सगळे गाव लोटले आहे अशा जागेवरून, मुलांनी कितीही हट्ट केला तरी, सरळ मागे फिरावे.

आता शीर्षकातल्या बुधवारकडे येते.

शेजारच्या वहिनींनी दोन उन्हाळे सहल बंद ठेवली होती. मुले सगळ्यांना सांगत, ‘आईला फिरायला आवडत नाही.’ एकदा दुपारी भाजी निवडताना त्या मला म्हणाल्या, ‘आवडत का नाही हो? पण बुधवारी रात्री बारापर्यंत पुऱ्या तळायच्या, पहाटे चारला उठायचं, तिथं सगळ्यांना वाढायचं, रात्री येऊन डबे घासायचे, मातीचे कपडे भिजवायचे, आणि शुक्रवारी पहाटे पाचला परत पहिल्या पाळीचा डबा. यात माझी सुट्टी कुठली ते दाखवा.’ मला काही दाखवता आले नाही. घरातल्या चौघांनी गुरुवार उपभोगायचा आणि पाचवीने त्यासाठी बुधवार आणि शुक्रवार दोन्ही मोजायचे, हा हिशेब बहुतेक घरांत असाच असतो. वर ‘हिला हौसच नाही’ हे ऐकायचे!

तेव्हा आम्ही तिघींनी बसून कामाची वाटणी केली. एका घराने पोळीभाकरीचा प्रकार करायचा, दुसऱ्याने चटणी आणि भात, तिसऱ्याने पाणी, फळे, पन्हे. पुढच्या वेळी फेर बदलायचा. बुधवारी रात्री तिन्ही घरी नुसती खिचडी, कुणी कुरकुरायचे नाही. घरी परतायची वेळ चार, फार तर पाच. आल्यावर डबे पुरुषांनी आणि मुलांनी घासायचे. हे कलम मान्य व्हायला थोडा वेळ लागला! शुक्रवारी डबा नाही. ज्यांच्याकडे कँटीन आहे त्यांनी एक दिवस कँटीनमध्ये जेवावे. वहिनींनी ही यादी छापील पत्रिकेसारखी फ्रिजवर लावली आहे, आणि ह्या मे महिन्यात त्यांनी तीन गुरुवार केले.

खाण्याचे म्हणाल तर पुऱ्यांचा घाट सोडा. दशम्या करा. पीठ पाण्याऐवजी दुधात, थोडे मीठ आणि तुपाचे मोहन घालून भिजवावे. दोन दिवस मऊ राहतात आणि तळण नसल्यामुळे तहानही कमी लागते. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी. ओला नारळ, कांद्याची कोशिंबीर, बटाट्याची रस्सा भाजी उन्हात दुपारपर्यंत टिकत नाही, नेऊ नये. दहीभात न्यायचा तर दही आयत्या वेळी कालवल्यासारखे नको. मऊ भातात कोमट दूध भरपूर घालून एकच चमचा दही मिसळावे, वरून फोडणी द्यावी. वाटेत ते आपोआप विरजते आणि जेवायच्या वेळी आंबट लागत नाही. पन्हे घरून तयार नेण्यापेक्षा उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, मीठ, वेलची असा दाट गोळा बाटलीत भरावा आणि तिथे थंड पाण्यात कालवावा. ओझे निम्मे होते.

पाणी प्रत्येकाचे प्रत्येकाने उचलायचे. चार वर्षांच्या मुलालाही त्याची लहान बाटली द्यावी, मिरवत नेतो.

आणि परतताना मावळातल्या बायका पानांच्या द्रोणात करवंदे विकत असतील, तर घासाघीस न करता घ्या. काटेरी जाळ्यांतून उन्हात वेचून आणलेली असतात ती. काळी पिकलेली लोकलमध्येच संपतात. कच्ची हिरवी मिळाली तर धुऊन, अगदी कोरडी पुसून, ठेचून बिया काढाव्यात आणि मीठ, हळद, तिखट, मोहरीची पूड लावून वर गार केलेली फोडणी ओतावी. आठवडाभरात लोणचे मुरते, दशमीबरोबर छान लागते.