श्वासाचा आधार सोडवताना

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला व्हेंटिलेटर लावला की त्याची बातमी होते. तो सुटला कसा, हे कुणी विचारत नाही. खरी कसोटी तिथेच असते. व्हेंटिलेटरची नळी श्वासनलिकेत जितके जास्त दिवस राहील तितकी कोवळ्या फुप्फुसांना इजा आणि संसर्गाची भीती. घाईने काढली तर बाळ दमते, मधेच श्वास घ्यायचे थांबते आणि नळी पुन्हा घालावी लागते. इथे कॅफीनसारखे साधे औषध मोलाचे ठरते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत कॅफीन मिळालेल्या बाळांचा श्वासाचा आधार सुमारे आठवडाभर आधी सुटला होता.

नळीनंतर बहुधा सीपॅप, म्हणजे नाकावाटे सतत हवेचा दाब देणारा आधार, येतो. बबल सीपॅपमध्ये हवा बाहेर नेणाऱ्या नळीचे टोक पाण्यात किती सेंटीमीटर बुडवले, त्यावर दाब ठरतो. बुडबुडे थांबले तर हवा कुठेतरी गळते आहे, हे परिचारिकेच्या लगेच लक्षात यायला हवे. बरगड्यांखाली खळगा पडतो का, नाकपुड्यांमधला पडदा सोलवटला का, हे मॉनिटर सांगत नाही. त्यासाठी माणूसच लागतो. म्हणून जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षांना सरकारने नुसती यंत्रे देऊन हात झटकू नयेत. रात्रपाळीलाही पुरतील इतक्या प्रशिक्षित परिचारिका नेमाव्यात, आणि प्रत्येक सीपॅपसोबत ऑक्सिजनचे प्रमाण बेतणारा ब्लेंडर द्यावा. जास्तीच्या ऑक्सिजनने या बाळांची दृष्टी जाऊ शकते. बाळ कक्षात असो वा घरी, जन्मापासून ३० दिवसांच्या आत त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी झालीच पाहिजे.